काचेतल्या समुद्राचे म्हातारपण

समुद्रसपाटीहून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, काळ्या पाषाणाच्या पठारावर वसलेल्या आपल्या शहरात समुद्राच्या पाण्यावर व्याख्यान ठेवावे याचे पुष्कळ श्रोत्यांना नवल वाटले असेल. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालेले, पण बोलण्यात अजून नगरच राहिलेले हे शहर पाण्याच्या बाबतीत सदैव बाहेरच्यावर अवलंबून राहिले. निजामशाहीत ते खापरी नळांनी दुरून आणावे लागे, आज ते मुळा धरणातून येते. ज्या गावाला गोड्या पाण्याची अशी ओढ, त्याने खाऱ्या पाण्याची उठाठेव कशासाठी करावी? परंतु गेल्या काही वर्षांत या गावातल्याही काही दिवाणखान्यांत समुद्र येऊन राहिला आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टाकी, तीत खडकांची रचना, खडकाला चिकटलेले समुद्रफूल, आणि त्या फुलाच्या विषारी पाकळ्यांत निर्भयपणे लोळणारा केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनमासा. प्रवाळभित्तीचा एक कोपरा घरी मांडावा, असा हा शौक आहे.

या शौकाचे पहिले वर्ष कौतुकात जाते आणि दुसरे सवयीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तक्रारी सुरू होतात. समुद्रफूल मिटून बसते, खडकांवर केसासारखे हिरवे शेवाळ चढते, एखादा मासा कारणावाचून जातो आणि नवा आणला तर तो आठवडाही काढत नाही. अशा टाक्यांचे मालक आम्हांला भेटतात तेव्हा बहुधा एकच वाक्य बोलतात : ‘‘पाणी तर आरशासारखे स्वच्छ आहे हो, मग हे का मरतात?’’ आजचे आमचे बोलणे या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे. इंग्रजीत या विकाराला ‘जुन्या टाकीचा रोग’ अशा अर्थाचे नाव आहे. आम्हांला ते नाव फारसे पसंत नाही. रोग बाहेरून येतो. हे म्हातारपण आहे, ते आतून येते, आणि विशेष हे की योग्य काळजीने ते पुष्कळ लांबवता येते.

किती लांबवता येते याचे एक उदाहरण सांगतो. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल या निसर्गशास्त्रज्ञाने १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक तांबूस समुद्रफूल आणून एडिंबरो शहरात काचेच्या बरणीत ठेवले. विजेचा पंप नाही, गाळणी नाही, काही नाही. मात्र समुद्राचे ताजे पाणी नेमाने बदलले जाई आणि खाणे अगदी बेताचे दिले जाई. डॅलिएल १८५१ साली वारले. समुद्रफूल एका हातातून दुसऱ्या हातात गेले, त्याला शेकडो पिले झाली, लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजीबाई म्हणू लागले, आणि ते १८८७ साली मेले. बरणीत एकोणसाठ वर्षे! पाळलेले क्लाउनमासेही वीस वर्षांच्या पुढे गेल्याचे दाखले आहेत. तेव्हा चौथ्या वर्षी टाकी ओस पडली तर ‘त्यांचे आयुष्यच तेवढे’ असे म्हणण्याची सोय आपल्याला उरत नाही.

डॅलिएलच्या दाराशी समुद्र होता, आपल्या दाराशी नाही. आपल्याला तो पोत्यातल्या मिठापासून करावा लागतो. तो करता येतो हेही एका शोधामुळे. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगातील महासागरांची सफर केली. त्या सफरीत गोळा केलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष मांडला की, समुद्राचे पाणी कोठे अधिक खारे, कोठे कमी, परंतु त्यातील मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. त्यात आपले खाण्याचे मीठ सर्वांत जास्त, आणि त्याखेरीज मॅग्नेशियम, गंधकाचे क्षार, चुना, पालाश इत्यादी. कोट्यवधी वर्षे प्रवाळ या ठरलेल्या मिश्रणात वाढले आहेत. टाकीतले पाणी जुने होते याचा पहिला अर्थ असा की, हे प्रमाण हळूहळू मोडते. पाणी आरशासारखे दिसत असतानाच ते मोडते, कारण विरघळलेली वस्तू डोळ्यांना दिसत नाही.

आता हिशेब करू. वर सांगितलेल्या टाकीत, खडक आणि वाळूची जागा वजा जाता, सुमारे दोनशे लिटर पाणी मावते. म्हणजे तीत सात किलो क्षार आहेत. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात अशा उघड्या टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी सहज उडून जाते. उडते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते. काही उत्साही मालक समुद्राची टाकी म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारेच पाणी घालतात. तीन लिटरमागे १०५ ग्रॅम क्षार रोज नव्याने पडतात. महिन्याला तीन किलोंहून अधिक! सातांचे दहा किलो झाले की ३५ चे ५० झाले, आणि त्यात कोणताही प्रवाळ जगत नाही. म्हणून पहिला नियम : उडालेल्याच्या जागी गोडेच पाणी घालावे, आणि तेही रोज. आठवड्यातून एकदा एकदम वीस लिटर ओतणे म्हणजे प्राण्यांना आठवडाभर हळूहळू खारवून मग एकाएकी गोडवणे होय.

ही गोष्ट नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगण्याची जरुरी पडू नये. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, उसाचे मळे उभे राहिले, पुढे साखर कारखाने आले आणि जिल्ह्याचा चेहरामोहरा पालटला. पण जेथे पाणी वारेमाप दिले गेले आणि निचऱ्याची सोय झाली नाही, तेथे पाच-पंचवीस वर्षांत जमिनीवर पांढरे फूल उमटू लागले. कालव्याचे पाणी चवीला गोड होते, तरीही त्यात थोडे क्षार होतेच. पाणी ऊन आणि पीक घेऊन गेले, क्षार जमिनीत उरले, आणि काळी कसदार जमीन चोपण झाली. ज्या भांड्यात पाणी येते आणि ज्यातून फक्त वाफ जाते, ते भांडे केव्हातरी खारे होणारच, मग ते शंभर एकरांचे असो की चार फुटांचे.

तेव्हा गोडे पाणी घालावे, पण कोणते? नळाचे किंवा बोअरचे घातले तर चोपण जमिनीचीच गोष्ट घरात घडते. समजा, त्या पाण्याचा टी. डी. एस. पाचशे आहे, आपल्या भागातल्या कठीण बोअरना हा आकडा काही विशेष नाही. तीन लिटरमागे दीड ग्रॅम, वर्षाला अर्ध्या किलोच्या वर. आणि हा अर्धा किलो समुद्राच्या प्रमाणातला नसतो. त्यात शेतातून झिरपलेले नायट्रेट असेल, खडकातून आलेले सिलिका असेल, जुन्या नळातून आलेले तांबेही असेल. तांबे म्हणजे कवचधारी आणि समुद्रफूल जातीच्या प्राण्यांना अगदी थोडक्यात विष. शिवाय नगरपालिकेच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असते. ते आपल्या उपयोगाचे जंतूही मारते. म्हणून आर. ओ. यंत्रातून काढलेले, टी. डी. एस. दहाच्या आत असलेले पाणीच वापरावे. येथे एक सावधगिरी : पिण्यासाठी घरोघर बसवलेल्या पुष्कळ यंत्रांत पाण्याला चव यावी म्हणून शेवटी थोडे क्षार परत मिसळतात. आपल्याला त्याआधीचे पाणी हवे. यंत्राचे पडदे जुने झाले की हा आकडा गुपचूप वर चढतो. कित्येक टाक्यांचे म्हातारपण टाकीत सुरू न होता स्वयंपाकघरातल्या या यंत्रात सुरू होते.

एवढे झाले जाणाऱ्या पाण्याचे. आता येणाऱ्या अन्नाचे पाहू, कारण खरे जड खाते हेच आहे.

माशांना आपण दिवसाला दोन ग्रॅम कोरडे खाद्य टाकतो असे धरा. चिमूटभरच. त्यात निम्म्याच्या जवळपास प्रथिने असतात, आणि प्रथिनांच्या सहाव्या हिश्शाइतका नत्र. हा नत्र माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. अमोनिया विषारी आहे. पण खडकांवर व वाळूत वस्ती करणारे जंतू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतील या जंतूंचा छडा लावला. शेतातल्या शेणखताचे पिकाला चालणारे खत होते ते यांच्याच कृपेने. नवी टाकी महिना-दीड महिना रिकामी चालवतात ती या जंतूंची वस्ती नीट बसावी म्हणून. मात्र जंतूंचे काम येथे थांबते. शेतात नायट्रेट पीक घेऊन जाते, टाकीत ते घेऊन जाणारे कोणी नाही. खडकांच्या खोल पोकळ्यांत, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे काही निराळे जंतू नायट्रेट फोडून नत्र हवेत सोडतात. पण तो मार्ग अरुंद आहे, आणि पोकळ्या गाळाने भरल्या की तोही बंद होतो. दोन ग्रॅम खाद्यातला सगळा नत्र नायट्रेट होऊन टाकीत राहिला तर दोनशे लिटरमध्ये रोज लिटरमागे तीन मिलिग्रॅमची भर पडते. महिन्याला नव्वद. निरोगी प्रवाळ-टाकीत हा आकडा दोन ते दहाच्या दरम्यान असावा अशी अपेक्षा असते.

नत्राला निदान हवेत जाण्याची वाट आहे. खाद्यात शेकडा एकाच्या आसपास असणाऱ्या स्फुरदाला तीही नाही. तो खडकांत आणि वाळूत मुरून बसतो, आणि टाकी जुनी होण्याचे सर्वांत खोल कारण आमच्या मते हेच. येथे आम्ही श्रोत्यांना टाकीपासून थोडे दूर, नेवाशाला नेतो. तेथील टेकाडाचे उत्खनन डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ मध्ये केले, आणि हजारो वर्षांच्या वसाहतींचे थर एकावर एक निघाले. श्रीरामपूर तालुक्यातले प्रवराकाठचे दायमाबादही असेच. अशा जुन्या गावठाणाच्या मातीला आपले लोक ‘पांढरी’ म्हणतात. जुन्या काळी शेतकरी ही पांढरी गाड्या भरभरून शेतात नेत, कारण तीत खताचा कस असे. तो कस आला कोठून? पिढ्यान्‌पिढ्या गावात धान्य आले, जनावरे आली, लाकूड आले. राख, शेण, हाडे, उकिरडा तेथेच राहिला. नत्र पावसाने धुऊन नेला, पण स्फुरद मातीला धरून बसला. इतका चिवट की, वस्ती कोठवर पसरली होती हे ठरवायला पुरातत्त्वज्ञ मातीतला स्फुरद मोजतात.

टाकीतला चुनखडीचा खडक ही तिची पांढरी होय. पाण्यात स्फुरद वाढला की खडक तो आपल्या अंगावर धरतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे तपासणीत आकडा चांगला येतो आणि मालक निर्धास्त राहतो. खडकाची धारणा भरली की आकडा एकदम वर उसळतो. मग मालक घाबरून पाणी बदलतो, आकडा उतरतो, आणि चार दिवसांत पुन्हा होता तेथे येतो, कारण खडकाने धरलेला स्फुरद आता सुटू लागलेला असतो. चार वर्षांत जमलेले कर्ज चार दिवसांत फिटावे ही अपेक्षाच चुकीची. स्फुरद जास्त झाला की शेवाळ माजते एवढेच नव्हे, तर प्रवाळाला आपला चुन्याचा सांगाडा बांधणेही जड जाते. स्फुरद ओढून घेणारे लोहाचे तांबडे दाणे बाजारात मिळतात. ते थोडे थोडे, महिनोन्‌महिने वापरले तर हे कर्ज फिटते. सगळे एकदम घातले तर पाणी इतके निःसत्त्व होते की प्रवाळच उपाशी पडतो. नायट्रेट आणि स्फुरद शून्यावर आणणे हे ध्येय धरू नये. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींनाही थोडे खत लागतेच.

म्हातारपणाचे तिसरे लक्षण म्हणजे पाण्याचा सामू उतरणे. समुद्राचा सामू आठाच्या थोडा वर असतो आणि तो टिकवण्याचे काम पाण्यात विरघळलेले कार्बोनेट करतात. वर सांगितलेले जंतू अमोनियाचे नायट्रेट करताना आम्ल निर्माण करतात, ते कार्बोनेटच्या साठ्यातून खर्ची पडते. प्रवाळ सांगाड्यासाठी चुना आणि कार्बोनेट दोन्ही उचलतात. साठा आटला की सामू घसरतो. यावर युरोपातल्या मत्स्यपालकांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जो उपाय रूढ केला तो ऐकून आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतील, यात नवे ते काय! तो उपाय म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध चुना आर. ओ.च्या पाण्यात ढवळून, झाकून ठेवून, वरची स्वच्छ निवळी घ्यायची आणि उडालेल्या पाण्याची भरपाई या निवळीने करायची, थेंब थेंब, शक्यतो रात्री, कारण रात्री सामू सर्वांत खाली असतो. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो, बाकी तळाशी बसतो. निवळी अतिशय दाहक असते. तांब्याभर एकदम ओतली तर टाकी दुधासारखी पांढरी होऊन प्राणी दगावतात. आणि पानाच्या डबीतला चुना वापरण्याचा मोह टाळावा. त्यात काय काय मिसळले आहे हे कोणी सांगू शकत नाही.

येणे आणि साठणे कळले, आता काढणे. काढण्याचे मार्ग मोजके आहेत. पहिला अर्थातच खाद्य कमी टाकणे, आणि तो सर्वांत कमी आचरला जातो. पाहुणे आले की माशांना खायला घालून दाखवण्याची हौस कोणाला आवरत नाही. दुसरा प्रोटीन स्किमर नावाचे यंत्र. गुऱ्हाळावर ज्यांनी काहिलीत उकळणारा रस पाहिला आहे त्यांना हे यंत्र समजावून सांगायला नको. रस तापला की मळी फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. येथे आच नसते, हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे असतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात आणि टिकतात. पाण्यातील प्रथिने व स्निग्ध घाण त्यांच्या अंगाला चिकटून वर येते आणि तपकिरी, उग्र वासाची मळी भांड्यात जमते. ती कुजून अमोनिया होण्याआधीच बाहेर निघते हा मोठा फायदा. तिसरा मार्ग म्हणजे शेजारच्या छोट्या टाकीत दिव्याखाली मुद्दाम शेवाळ वाढवणे आणि ते दर पंधरवड्याला मूठभर उपटून फेकणे. शेतातले पीक निघते तसे हे पीक निघते आणि नत्र-स्फुरद घेऊन जाते.

चौथा मार्ग पाणी बदलण्याचा. याविषयी गैरसमज फार. समजा, टाकीत दर आठवड्याला घाणीची दहा मापे वाढतात आणि आपण दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलतो. पुष्कळांना वाटते, हिशेब मिटला. पण पहिल्या आठवड्याला आपण दहांपैकी एकच माप काढतो, नऊ राहतात. पुढच्या आठवड्याला एकोणीस होतात, त्यांतले जेमतेम दोन निघतात. असे करता करता साठा शंभर मापांवर जाऊन थांबतो, कारण तेव्हा कुठे दहावा हिस्सा म्हणजे दहा मापे होतात. पाचवा हिस्सा बदलला तर तो पन्नासांवर थांबतो. म्हणजे पाणी बदलल्याने वाढ थांबते खरी, पण आपल्याला हवी त्या पातळीवर थांबेलच असे नाही. त्यासाठी आधीचे तीन मार्ग हवेत. तरीही पाणी बदलणे सोडता येत नाही, कारण समुद्रक्षारांचे मोडलेले प्रमाण पूर्ववत करणारा दुसरा सोपा उपाय नाही. दोनशे लिटरच्या टाकीला आठवड्याला वीस लिटर, म्हणजे सातशे ग्रॅम मीठ. मिश्रण आदल्या दिवशी करून, पंपाने ढवळून, टाकीइतकेच ऊबदार करून मग घालावे. खारेपणा मापकावर १.०२५ ते १.०२६ भरला पाहिजे.

आता आधीच म्हातारी झालेली टाकी घ्या. मालकाला एक दिवस जाग येते. तो रविवार पाहून अर्धे पाणी काढतो, वाळू उपसतो, गाळणी नळाखाली चकचकीत धुतो, आणि सोमवारी सकाळी सगळे मासे पालथे! याचा दोष नव्या पाण्याला देतात. खरी गोष्ट अशी की, सामू उतरलेल्या जुन्या पाण्यात अमोनिया असला तरी बहुतांश निरुपद्रवी रूपात असतो. ताज्या पाण्याने सामू एकाएकी चढवला की त्याचे विषारी रूप कैक पटींनी वाढते. त्यातच उपसलेल्या वाळूतली वर्षांची घाण आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू पाण्यात मिसळतो, आणि गाळणीतले जंतू क्लोरीनने मेलेले असतात. म्हाताऱ्या माणसाला पहाटे उठवून थंड पाण्याने न्हाऊ घालावे तसला हा प्रकार. त्याऐवजी आधी मोजणी करावी : खारेपणा, सामू, कार्बोनेट, नायट्रेट, स्फुरद. मग भरपाईच्या पाण्याचा टी. डी. एस. पाहावा. खारेपणा चढला असेल तर तो दिवसाला एका ग्रॅमहून जलद उतरवू नये. पाणी एक दिवसाआड दहा लिटर बदलावे आणि असे तीन-चार आठवडे करावे. वाळू चौथाई चौथाई, दोन साफसफायांत पंधरवडा ठेवून स्वच्छ करावी. गाळणी काढलेल्या खाऱ्या पाण्यातच खंगाळावी. आणि आकडे एका वहीत तारखेसह लिहावेत, कारण एकट्या आकड्यावरून काही कळत नाही, तो चढतो आहे की उतरतो आहे ते कळले पाहिजे. आम्ही पाहिलेल्या टाक्यांपैकी ज्यांची वही होती त्या बहुतेक सावरल्या.

नगरच्या हवेचे दोन शब्द बोलणे अवश्य आहे. प्रवाळांना २५ ते २७ अंशांची ऊब मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा चाळिशीला टेकतो, खोलीतले पाणी तिशी ओलांडते, आणि पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. पाण्याच्या पृष्ठावर साधा पंखा सोडला तर माठातले पाणी ज्या कारणाने थंड होते त्याच कारणाने टाकी दोन-तीन अंश उतरते. मात्र बाष्पीभवन वाढते आणि गोड्या पाण्याची भरपाईही वाढवावी लागते. दुसरी गोष्ट विजेची. वीज गेली की पंप थांबतो, आणि जुन्या, गाळ साठलेल्या टाकीत प्राणवायू नव्या टाकीपेक्षा लवकर संपतो, कारण मासे तेवढेच असले तरी कुजणारे द्रव्य जास्त असते. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरी ठेवावा. त्याची किंमत एका माशाहून जास्त नसते.

शेवटी ज्या समुद्रातून हे सर्व येते त्याकडे वळले पाहिजे. लंडनच्या प्राणिबागेत १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यामागे फिलिप गॉस या लेखक-संशोधकाचा मोठा हात होता; त्याच्या पुस्तकांनी इंग्लंडात घरोघरी समुद्र पाळण्याची लाट आली. पुढे त्याच्याच मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली लिहून ठेवले की या लाटेने इंग्लंडच्या किनाऱ्यावरची खडकांतली रम्य डबकी ओरबाडून उजाड झाली. आपल्या महाराष्ट्रालाही प्रवाळ आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मालवणच्या समुद्रात आहेत, आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारी आंग्रिया बँक ही तर बुडालेली प्रवाळभूमीच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादींचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. म्हणून आपल्या समुद्रातून तोडलेला प्रवाळ किंवा प्रवाळाचा ‘जिवंत खडक’ कोणी कागदपत्रावाचून विकू लागला तर तो घेऊ नये. कोरडा चुनखडीचा अथवा भाजलेल्या मातीचा सच्छिद्र खडक घेतला, तरी काही महिन्यांत त्यात जंतूंची वस्ती होऊन तो जिवंत होतो. (आपला काळा पाषाण टाकीत चालेल, पण तो पाण्याला चुना देणार नाही.) क्लाउनमाशांची पैदास तर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात करून दाखवली आहे. पैदाशीचा मासा लहानपणापासून काचेत वाढलेला असतो, तो समुद्रातून धरलेल्या माशापेक्षा अधिक टिकतो, आणि त्याच्यापायी समुद्रातले एक समुद्रफूल पोरके होत नाही. जो मालक दर दोन वर्षांनी टाकी ओस पाडून नवे प्राणी आणतो, तो खरे पाहता दर दोन वर्षांनी समुद्राकडून नवा हप्ता उचलत असतो. जुनी टाकी जुनीच ठेवून निरोगी राखणे याला आम्ही एवढे महत्त्व देतो ते यासाठी.

राहता राहिला टाकीतून दर आठवड्याला काढलेल्या पाण्याचा प्रश्न. त्यात नायट्रेट आहे, स्फुरद आहे, म्हणजे खतच की, असे म्हणून ते बागेत घालणारी मंडळी आम्हांला भेटली आहेत. गोड्या पाण्याच्या टाकीचे पाणी अवश्य घालावे, गुलाबाला ते फार मानवते. हे मात्र न्हाणीच्या मोरीतच ओतावे. तुळशीत किंवा अंगणातल्या कढीपत्त्याला घातले, तर वीस लिटरमागचे सातशे ग्रॅम मीठ मुळाशी बसेल, आणि प्रवरेकाठी जी गोष्ट व्हायला पंचवीस वर्षे लागली ती अंगणात एका उन्हाळ्यात होईल.